शेजाऱ्याला दोनदा अनुदान, मला एकदाच. आणि दुकानदार म्हणतो युरिया टाका

प्रश्न (परंडा, भूम, माजलगाव भागातून आलेले): सप्टेंबर 2025च्या पुरात सोयाबीन गेलं, बांधाकडची माती खरडली. शेजाऱ्याच्या खात्यावर दोनदा पैसे आले, माझ्या एकदाच. दुकानदार म्हणतो, पुराने जमिनीचा कस गेला, हरभऱ्याला एकरी पोतंभर युरिया आणि ह्युमिक (जमीन सुधारते म्हणून विकतात ते ॲसिड) टाका, पैसे अनुदान आल्यावर द्या.

उत्तर: आधी दुकानदाराचं. उधारीवर काहीही उचलू नका. उधारीचा भाव वेगळा लागतो, पावती कच्ची मिळते आणि अनुदान खात्यावर येण्याआधीच संपलेलं असतं. वाहून गेलेली माती ह्युमिकच्या डब्याने परत येत नाही. हरभरा आपला नत्र मुळांवरच्या गाठींतून घेतो. त्याला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद पेरतानाच द्या, पुरे झालं. वरून युरिया दिलात तर झाड नुसतं माजेल, घाटे कमी धरतील. दरवर्षी असे हिरवेगार, बिनघाट्याचे प्लॉट बघतो. युरिया नको म्हणजे नकोच, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

वाफसा आल्याशिवाय रोटाव्हेटर घालू नका. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर फिरला की जमीन खाली घट्ट होते, वर ढेकळं राहतात. पेरणी आठवडाभर लांबली तरी चालेल.

आता पैशाचं. मदत दोन वाटांनी येते. पहिली राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. दर हेक्टरी जिरायत 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500. केंद्राचे निकष 2 हेक्टरपर्यंत. 3 हेक्टरपर्यंतचा वाढीव भार राज्य उचलतं. दुसरी मदत रब्बीच्या बियाण्या-खतासाठी हेक्टरी 10,000, ती राज्याची, ऑक्टोबर 2025च्या पॅकेजमधली. म्हणून पैसे वेगवेगळ्या वेळी पडतात. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत काम. पंचनाम्यात पीकनुकसानीबरोबर ‘जमीन खरडली’ अशी स्वतंत्र नोंद आहे का, ते तलाठ्याकडे बघून घ्या.

तुमचा हप्ता अडला असेल तर बहुतेक वेळा कारण सातबाऱ्यावर सापडतं: सामाईक खातं, भावांची संमती बाकी, किंवा वडील वारले आणि वारसनोंद राहिली. दुसरं कारण, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. शेतकरी ओळख क्रमांक निघालेला असेल तर ई-केवायसी लागत नाही. नसेल तर मदतीच्या यादीत तुमच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर ई-केवायसी करा. ‘यादीत नाव घालतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. बँक ही रक्कम कर्जखात्यात वळती करू शकत नाही. केली तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या.

आलेला पैसा आधी बांधबंदिस्तीला लावा, मग बियाण्याला. पेरणी बीबीएफवरच (रुंद वरंबा-सरी पद्धतीने) करा, हे मी प्रत्येक गावात सांगतो. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, मुळं सडत नाहीत, बियाणंही कमी लागतं. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी), नंतर 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम (गाठी धरायला मदत करणारं जिवाणूखत) चोळा, सावलीत सुकवा. आणि दुकानातून जे घ्याल त्याची पक्की पावती घ्या.