यॉर्कला आठवडा? मग धावपळ नको

इंग्लंडमधल्या यॉर्कसाठी आठवडा हातात आहे ना, मग पहिल्याच दिवशी मिन्स्टरमध्ये (म्हणजे इथल्या मोठ्या चर्चमध्ये) घुसू नका. आधी गावाच्या जुन्या तटबंदीवरून चाला. साधारण सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा तट आहे, फुकट आहे, आणि गावाचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, पावसात दगड निसरडे होतात, तेव्हा बूट चांगले घाला. मी चपलांवर गेलो होतो, पुढचं विचारू नका.

एक गंमत आधीच सांगतो, नाहीतर पत्ते शोधताना गोंधळ होतो. इथे ‘गेट’ म्हणजे रस्ता (व्हायकिंगांच्या भाषेतला शब्द), आणि ‘बार’ म्हणजे वेस. मिकलगेट बार ही अशीच एक वेस. 1460 मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं तिथेच टांगलं होतं.

मिन्स्टरला मात्र अर्धा दिवस द्या. पूर्वेची मोठी खिडकी 1405 ते 1408 या काळात जॉन थॉर्नटनने केली. दुर्बीण न्या, खरंच. वरच्या काचांवरची चित्रं नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत. संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला तिकीट नसतं, पण ती प्रार्थना आहे, फोटो काढत बसू नका.

शँबल्स ही जुनी खाटीकआळी. दुकानांच्या खिडक्यांखालच्या रुंद फळ्या बघा, मांस त्यांवर मांडायचे. सकाळी आठाच्या आत जा, नंतर गर्दीत भिंतसुद्धा दिसत नाही.

रेल्वे संग्रहालय पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. आणि एक दिवस ट्रेनने डरहॅम शहर करून या, तासाभराच्या आतच पोचता.