सिबिल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे इचलकरंजीत आठ माग आहेत. घराच्या कर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी स्क्रीन बघून सांगितलं, "सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा आकडा, ६१८ आहे, होणार नाही." कारणं दोन दाखवली. लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तेव्हा क्रेडिट कार्डाचे ४६,००० रुपये थकले. ते २०२२ मध्ये ३०,००० भरून मिटवले, पण तिथं 'सेटल्ड' असं लिहिलंय. दुसरं म्हणजे मोटारसायकलचं ८७,००० रुपयांचं कर्ज दिसतंय, जे मी कधी घेतलंच नाही. आमच्याकडे स्टँडजवळ एक ऑफिस आहे. बोर्डावर 'सिबिल दुरुस्ती, ४५ दिवसांत ७५०, गॅरंटी' आणि खाली 'आरबीआय मान्यताप्राप्त'. १५,००० मागतात, निम्मे आधी. आधार, पॅन घेतात आणि मोबाईलवर येणारा ओटीपीही सांगावा लागेल म्हणाले. पैसे द्यावेत का? हे नाही तर गावातला विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

मी २८ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. सिबिलमुळे परत गेलेली माणसं रोज टेबलासमोर बसायची. मान खाली घालून उठणाऱ्या त्या माणसांना बाहेर कोण गाठतं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही घरातूनच. माझ्या भाच्यानं अशाच एका ऑफिसात साडेनऊ हजार भरले. त्यांनी सिबिलच्या वेबसाइटवर त्याच्या नावानं खातं उघडलं, पण ईमेल त्यांचा आणि पासवर्डही त्यांचाच. तीन महिन्यांनी शटर बंद. स्वतःचाच रिपोर्ट बघायला भाच्याला ओळखपत्रं जोडून नव्यानं अर्ज करावा लागला. स्कोअर होता तिथंच होता.

आधी बोर्डाचं बघू. रिझर्व्ह बँक परवाना देते तो पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, २००५ च्या कायद्याखाली. त्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर दुरुस्त करून देणाऱ्या एजंटाला रिझर्व्ह बँकेची मान्यता असा प्रकारच नाही. ज्यानं पाटीवरच खोटं लिहिलंय, त्याच्या हातात पॅन कशाला द्यायचं?

आता ४५ दिवसांत ७५०. सिबिल कंपनी स्वतःच्या मनानं एक ओळही बदलत नाही. तुम्ही हरकत घेतली की ती कर्ज देणाऱ्या बँकेला विचारते आणि बँक सांगेल तेच रिपोर्टात राहतं. एजंट करतो काय? तुमच्या नावानं सरसकट सगळ्या नोंदींवर हरकत टाकतो. खऱ्या नोंदींना बँक 'बरोबर आहे' म्हणते आणि त्या तशाच राहतात. चुकीची असते ती दुरुस्त होते. पण ती तुम्ही टाकलेल्या हरकतीनंही झाली असती, एक रुपया न देता. काही जण याहून वाईट करतात. 'कुठंतरी बसवतो' म्हणून चार-पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकतात. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते आणि स्कोअर आणखी खाली येतो.

म्हणून तुमची दोन कारणं वेगवेगळी धरा. मोटारसायकलची नोंद चूक आहे, ती जाऊ शकते. कार्डाची खरी आहे, ती कुणी पुसू शकत नाही. पण तिच्यावरही इलाज आहे, तो खाली सांगते.

मोटारसायकलपासून सुरू करा. चारही कंपन्यांच्या वेबसाइटवरून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून. मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. मोबाईलवर जमत नसेल तर घरातल्या शिकत्या पोराला शेजारी बसवा, पण ओटीपी तुम्ही स्वतः टाका. रिपोर्टात त्या कर्जाचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव आणि खातं उघडल्याची तारीख असते. माझ्या टेबलावर अशी प्रकरणं आली तेव्हा बऱ्याचदा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं असायचं, किंवा नाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या दुसऱ्याच माणसाचं खातं याच्या रिपोर्टात घुसलेलं असायचं. एकदा एका गृहस्थांनी 'हे कर्ज माझं नाही' म्हणून तासभर वाद घातला. शेवटी निघालं की मेहुण्याला ते जामीन राहिले होते. जामीनदाराच्याही रिपोर्टात कर्ज दिसतं, तेव्हा कुणाच्या गाडीसाठी सही केली होती का, तेवढं आठवून बघा.

जामीनही नसाल तर वेबसाइटवर त्या नोंदीवर हरकत नोंदवा. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ही पोच जपून ठेवा, तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यात बँकेला किंवा फायनान्स कंपनीला २१ दिवस. मुदत टळली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. म्हणून तक्रारीत स्वतःचा खातेक्रमांकही लिहा. हरकत फेटाळली तर कारण सांगणं त्यांना बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. २०२२ च्या सप्टेंबरपासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. फी नाही, वकील लागत नाही. आणि तुमची कागदपत्रं वापरून कुणी खरंच कर्ज उचललंय असं दिसलं, तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत हरकतीला जोडा.

आता कार्ड. ४६,००० पैकी १६,००० बँकेनं सोडले, म्हणून 'सेटल्ड'. पुढचा कर्ज देणारा ते वाचून म्हणतो, यानं पूर्ण फेडलं नाही. मी त्या खुर्चीत बसले आहे, मीही तसंच वाचायचे. तुमच्या हातात आहे ते एवढंच : कार्डाच्या बँकेला लिहा की राहिलेली रक्कम भरायला तयार आहे, भरल्यावर नोंद 'क्लोज्ड' करून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र द्याल का? होकार लेखी येऊ द्या, मगच भरा. आणि भरायचं ते बँकेच्या खात्यातच, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या फोनवर नाही. एजंटाला देणार होता ते १५,००० इथं घातलेत तर जवळजवळ काम होतं. लॉकडाऊनमधल्या उशिराच्या खुणा मात्र लगेच जाणार नाहीत. महिन्यामागून महिना नियमित हप्ते दिसत गेले की त्या मागे पडतात.

एवढं सांगूनही मला माहीत आहे की काहींना माणूस लागतोच. दिवसभर मागावर उभं राहिलेल्याला संध्याकाळी इंग्रजी फॉर्म भरायचा कंटाळा येतो, भीतीही वाटते. त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न. तुमचं रिटर्न भरणारा कर सल्लागार असेल, एखादा निवृत्त बँकवाला असेल, त्याच्याकडे जा. मी स्वतः माणूस पारखते तो एका गोष्टीवरून : तो आधी रिपोर्ट मागतो की आधी पैसे? चांगला माणूस रिपोर्ट वाचून सांगेल, "ही चूक आहे, हिच्यासाठी अर्ज लिहू. ही खरी आहे, हिच्यात माझ्या हातात काही नाही." हे दुसरं वाक्य ज्याच्या तोंडून येतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन. तो पैसे घेईल ते अर्ज लिहिण्याचे आणि पाठपुराव्याचे, काही शे रुपये, पावती देऊन. आकड्याची गॅरंटी देणार नाही. लॉगिन तुमच्या नंबरवर राहील. पॅनची प्रत दिलीत तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त सिबिल तक्रारीसाठी', आणि तारीख टाका.

आणि पैसे काम झाल्यावर. अमेरिकेत १९९६ चा कायदाच आहे की असं काम करणाऱ्यानं ते पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत, आणि सही केल्यावरही कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाला करार मोडता येतो. आपल्याकडे या धंद्यासाठी असा कायदा नाही. म्हणून ही अट तुम्हीच घाला. तो अडला तर उठून या.

एक विनंती. हे मिटेपर्यंत दुसऱ्या कुठल्या बँकेत किंवा मोबाईल ॲपवर कर्जाचा अर्ज टाकू नका. दोन्ही नोंदी बदलल्याचं पत्र आलं की थोडे दिवस जाऊ द्या, नवा रिपोर्ट काढून बदल खरंच उतरलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग तो रिपोर्ट, नो ड्यूज पत्र आणि तक्रारीची पोच अशी फाइल घेऊन त्याच साहेबांकडे जा.