७९ च्या ३५० चं फ्लायव्हील ८९ च्या इंजिनला बसेल का?

नाही बसणार. तुमच्या १९७९ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपमधलं ३५० (म्हणजे ३५० घन इंचांचं इंजिन) आणि जंकयार्डातून आणलेलं १९८९ चं ३५०, नाव एकच, पण क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) मागचं टोक वेगळं, आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनची जड चकती, त्यावरच बसते. १९८६-८७ च्या सुमारास मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं ते अखंड झालं आणि फ्लायव्हीलच्या सहा बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं. क्रँकच्या जुन्या फ्लँजमध्ये (टोकाच्या रुंद कड्यात) समतोलाचं वजन होतं, तेही फ्लायव्हीलवर गेलं. त्यामुळे कुणी टर्नर "नवीन भोकं पाडून देतो" म्हणाला तर ऐकू नका. बसेल, पण हादरेल.

फ्लायव्हील गाडीचं नसतं, क्रँकचं असतं. हे मी फुकट शिकलो नाही. माझ्या जुन्या ३५० ला एका ओळखीच्याकडचं ४०० चं (शेव्हरोलेच्याच ४०० घन इंची इंजिनाचं) फ्लायव्हील लावलं होतं. भोकं जुळली, मी खूश. मग इंजिन दोन हजार आरपीएमला गेलं की आरशातलं चित्र पुसट व्हायचं. दोन शनिवार प्रॉपेलर शाफ्ट काढ-घाल करण्यात गेले. शेवटी गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी तीच थरथर! तेव्हा खाली झोपून गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूला, एकाच अंगाला जाड लोखंडी उंचवटा. ४०० बाहेरून, म्हणजे फ्लायव्हीलवर वजन ठेवून, समतोल केलेलं असतं, जुनं ३५० नाही. (कडेला ड्रिलची छोटी भोकं दिसली तर घाबरू नका, ती कारखान्यातच समतोलासाठी पाडतात.)

तुम्हाला हवंय अखंड सीलवाल्या ३५० किंवा ३०५ चं, १४ इंची, १६८ दात्यांचं (कडेला स्टार्टर ज्यात अडकतो ते दाते) फ्लायव्हील. १५३ दात्यांचंही मिळेल, पण ते लहान असतं, त्याला स्टार्टर वेगळा लागतो. १६८ घेतलंत तर तुमचा स्टार्टर, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच), ११ इंची क्लच, सगळं तसंच राहील.

इंजिन ऑटोमॅटिक गाडीतून निघालंय का ते आधी बघा. तसं असेल तर क्रँकच्या भोकात पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारी छोटी बुश) नसेल, तो ठोकून बसवावा लागेल. आणि त्याच्यासोबत आलेले बोल्ट वापरू नका. फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीचे) ते बोल्ट आखूड असतात, फ्लायव्हीलची जाडी त्यांना पुरत नाही.