घर तारण ठेवण्याआधी उधारीचे दिवस मोजा

प्रश्न: सांगलीत सहा वर्षे मी कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करून विकते. वर्षाची उलाढाल 34 लाख, महिन्याला 45 हजारांच्या आसपास सुटतात. पुण्यातल्या एका दुकानसाखळीने महिन्याला 3 लाखांच्या मालाची ऑर्डर देऊ केली आहे, पैसे 90 दिवसांनी. त्यासाठी घर तारण ठेवून 15 लाखांचे कर्ज काढावे, पॅकिंग मशीन, पल्व्हरायझर (मसाला दळायचे यंत्र) आणि गोदाम करावे, असा विचार आहे. धाकटे दीर 8 लाख घालतील, त्यातले 4 लाख रोख. निम्मी भागीदारी तोंडी ठरली आहे. 40 लाखांच्या आत असल्याने जीएसटी काढलेला नाही. थोडा माल अथणी-चिकोडीलाही जातो. सगळा व्यवहार माझ्या बचत खात्यातूनच होतो. करू का?

उत्तर: ताई, ऑर्डर जरूर घ्या, घर मात्र तारण ठेवू नका. आणि मशीनचा बयाणा देण्याआधी कागद नीट करा.

तुमचा खरा खर्च मशीनचा नाही, उधारीचा आहे. पहिला चेक हातात येईपर्यंत तुमचा 9 लाखांचा माल पुण्यात अडकलेला असेल. त्याच काळात फेब्रुवारी ते एप्रिल आला, तर वर्षभराची ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घ्यायलाही पैसा लागेल, आणि तो लगेच. 15 लाख 11 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 25,700 बसतो. सुटणाऱ्या 45 हजारांत तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा पगार धरलेला दिसत नाही, म्हणजे हप्ता भरून उरणारे तुमची मजुरीच असेल. पुण्याचे पैसे दोनदा लांबले की हप्ता थकेल. तारण घराचे कर्ज थकीत ठरले की 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देऊन, वसुलीचा दावा न लावताही ताब्याची कारवाई सुरू करू शकते. एका ग्राहकाच्या भरवशावर राहते घर पणाला लावावे, असे मला मुळीच वाटत नाही.

90 दिवस हा आकडा बदलून घेणे तुमच्या हातात आहे, आणि बहुतेक छोटे उत्पादक ते मागतच नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. पहिला माल पाठवण्याआधी ती करा, नोंदणी क्रमांक बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी करार करूनही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याचे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. शिवाय मुदत उलटून थकवलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, त्यांना आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यांच्या हिशेबनीसाला हे पक्के ठाऊक असते. नरम शब्दांत, पण लेखी मागा. 45 दिवसांना ते तयारच नसतील तर महिन्याला एक लाखाचा माल द्या, त्यापुढे नाही.

जीएसटीच्या बाबतीत तुमचा समज अर्धा बरोबर आहे. 40 लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी. अथणी आणि चिकोडी कर्नाटकात आहेत. परराज्यात माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. सीमेवरच्या गावांत हे सर्रास घडते, कारण तिथला बाजार आपल्याला परका वाटतच नाही. तरी मागच्या विक्रीचा हिशेब घेऊन लगेच कर सल्लागाराकडे जा. नोटीस येण्याआधी स्वतःहून कर आणि व्याज भरले तर दंडाचा भार बराच हलका होतो. कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरण्याची सोय, कोणी सुचवली तर नको म्हणा, त्यात परराज्यात विक्री करता येत नाही.

आता मशीन. 5 लाखांच्या पॅकिंग मशीनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 हजार. नोंदणीनंतर घेतले तर हे 90 हजार तुमच्या विक्रीवरच्या करातून वळते होतात. आधी घेतले तर सहसा ते गेलेच. फक्त हेच मशीन घ्या. मिरची आणखी वर्षभर कांडपावरच जाऊ द्या आणि गोदाम पुढे बघू. मुद्रा योजनेच्या किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. त्यातून साडेचार लाख पाच वर्षांसाठी घेतले तर 11 टक्क्यांनी हप्ता 9,800 च्या आत राहतो. मिरचीच्या हंगामासाठी वेगळी कॅश क्रेडिट मर्यादा मागा, जितके वापराल तितक्यावरच व्याज.

बँक मात्र चालू खाते आणि आयकर विवरणपत्र बघणार. बचत खात्यातली घरची आणि धंद्याची सरमिसळ या महिन्यातच थांबवा. विवरणपत्रात उलाढाल कमी दाखवली असेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र चार वर्षांपर्यंत देता येते. ते करा, नाहीतर बँक कमी आकड्यावरच कर्ज ठरवेल.

दिरांचे रोख 4 लाख घेऊ नका. 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो, नाते कितीही जवळचे असो. बँकेतून येणारे 4 लाखही माझ्या मते भागीदारी म्हणून नव्हे, साध्या कागदावर मुदत आणि व्याज लिहून कर्ज म्हणून घ्या. 1932 च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार असतो. उद्या त्यांनी फर्मच्या नावावर उधार माल उचलला तर देणे तुमच्याही गळ्यात पडेल. शिवाय नोंदणी न केलेल्या फर्मला थकवणाऱ्या ग्राहकावर दिवाणी दावा लावता येत नाही, म्हणजे पुण्याचे पैसे अडले तर तुमचे हात बांधलेले. त्यांना खरोखर धंद्यात यायचे असेल तर वर्षभर सोबत काम करू द्या, मग वाटा, सह्यांचा अधिकार आणि बाहेर पडण्याची रीत लिहून करार करा आणि निबंधकाकडे फर्म नोंदवा. त्यांना हे सांगणे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. कागद दोघांच्या भल्यासाठी आहे हे जाऊबाईंसमोर सांगा, एकट्या दिरांना नको.

मशीनवाल्याकडून कोटेशन आत्ताच घेऊन ठेवा, बँकेत तेच लागेल. बयाणा जीएसटी क्रमांक आल्यावर.