‘तू घरी जाऊन ये, नंतर बघू’ असं मुलाला सांगितलं असेल तर आधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. मुलगा आयआयटीत तिसऱ्या सेमिस्टरला, दोन विषय राहिलेले, फोन उचलत नाही, उचललाच तर ‘मला घरी यायचंय’ एवढंच म्हणतो. आणि विभागातल्या सरांनी त्याला सांगितलंय, ‘तू घरी जाऊन ये, बरं वाटलं की ये, नंतर बघू.’ त्या सरांचं तुम्ही मनापासून कौतुक केलंय. मला हेच वाक्य २००५ च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं. त्यापायी माझं एक वर्ष गेलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी दोन गोष्टी. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. प्रत्येक आयआयटीचे नियम वेगळे असतात, तेव्हा मी लिहिलेलं तुमच्या मुलाच्या संस्थेच्या नियमांशी पडताळून बघा. दुसरं, त्याच्या बोलण्यात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा सूर असेल तर पुढचं काहीही वाचू नका. मिळेल ती गाडी पकडा आणि त्याच्याजवळ जा. प्रवासात असताना १४४१६ ला फोन लावा, ती सरकारची मानसिक आधाराची टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. अभ्यास कसा करावा, क्लास लावावा का, यावर मी काही लिहिणार नाही. तिथवर पोचलेल्या मुलाला ते कळतं.

माझी गोष्ट अशी. मी परभणी जिल्ह्यातली, दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत. २००४ ला आयआयटीत लागले. कोणत्या, ते लिहीत नाही. तेव्हा परीक्षा दोन टप्प्यांत होती, आधी स्क्रीनिंग आणि मग पायऱ्या लिहून गणितं सोडवायची मुख्य परीक्षा. आमच्या विभागात साठ जणांत आम्ही दोघी मुली. तिसऱ्या सेमिस्टरला मला कावीळ झाली. ती उतरली, पण त्यानंतर मी उठेचना. वर्गाला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. डॉक्टरांनी पुढे त्याला नैराश्य म्हटलं, तेव्हा मी स्वतःला आळशी म्हणत होते. सर खरंच चांगले होते. त्यांनी खोलीत बोलावून चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि ते वाक्य म्हणाले. मी त्याच रात्री बॅग भरली.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. साध्या रजेचा अर्जसुद्धा त्यांनी पंचायत समितीत पोच घेतल्याशिवाय कधी दिला नाही. मी घरी आले तेव्हा त्यांनी माझी तब्येत बघितली, आईला पेज करायला सांगितली आणि मग विचारलं, ‘अर्ज दिलास का? पोच कुठंय?’ मी त्यांना म्हणाले, ‘बाबा, ती काय पंचायत समिती आहे का? आयआयटी आहे.’

हे वाक्य मला आजही परत घेता येत नाही.

जानेवारीत परत गेले तेव्हा चार विषयांत उपस्थिती कमी म्हणून नापास होते. नापास म्हणून शिष्यवृत्ती बंद, आणि वर प्रोबेशन, म्हणजे निकालावर देखरेख. अकॅडमिक सेक्शनच्या खिडकीवर सांगितलं, ‘आमच्याकडे अर्ज नाही, म्हणजे तुम्ही विनापरवानगी गैरहजर.’ सेमिस्टर ड्रॉप करण्याचा, म्हणजे ते सत्र परवानगीने सोडण्याचा, अर्ज असतो आणि त्याची शेवटची तारीख ऑक्टोबरमध्ये होती, हे मला तिथे कळलं. सूचना ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली होती. मी तेव्हा परभणीत अंथरुणात होते. सर डिसेंबरमध्ये वर्षभरासाठी परदेशी गेले होते. त्यांनी प्रामाणिकपणे मेल केला की हो, मीच तिला जायला सांगितलं होतं. उत्तर आलं की तोंडी परवानगी नियमात बसत नाही आणि तो अधिकार विभागाचा नाहीच. मी परभणीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं. त्यावर संस्थेच्या दवाखान्याची सही हवी म्हणाले. दवाखाना म्हणाला, त्या दिवसांत आम्ही तुला तपासलेलंच नाही, सही कशी करू? परत खिडकीवर. खिडकी साडेतीनला बंद व्हायची आणि माझं प्रॅक्टिकल साडेचारला सुटायचं, म्हणून प्रॅक्टिकल बुडवून जायचे, म्हणजे पुन्हा उपस्थिती. जानेवारी ते एप्रिल हेच चाललं. शेवटी समितीने एका ओळीत कळवलं की विनंती मान्य करता येत नाही.

वर्ष रिपीट केलं. फीसाठी वडिलांनी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्यांनी पोचेचा विषय पुन्हा एकदाही काढला नाही.

त्या सगळ्यांत कोणी खोटं बोललं नव्हतं, पैसे मागितले नव्हते. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरता बरोबर होता, म्हणूनच भांडायचं तरी कोणाशी हे मला कळेना. मोठ्या नावाच्या संस्थेत माणसं मोठ्या मनाची असतील आणि कागद आपोआप हलेल, असं आपल्या घरांतून गेलेल्या मुलांना वाटतं. शहरातल्या, नोकरशहांच्या घरातल्या मुलांना हे आधीच माहीत असतं. माझ्या हॉस्टेलच्या विंगेतल्या एका मुलीने त्याच वर्षी सेमिस्टर ड्रॉप केला होता. तिच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात येऊन डीनला लेखी अर्ज दिला होता. हुशारीचा इथे काही संबंध नव्हता.

तुमच्या पोस्टखाली एकांनी लिहिलंय की पूर्वीच्या आयआयटी कुटुंबासारख्या होत्या, आता कारखाने झाले. अर्धं खरं आहे. मी लागले तेव्हा सात आयआयटी होत्या, आज २३ आहेत आणि २०२५ मध्ये एकूण जागा १८ हजारांच्या वर गेल्या. ओबीसी आरक्षण २००८ पासून आलं तेव्हा बाकीच्यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून क्षमता ५४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. मुलं वाढली त्या वेगाने खोल्या आणि प्राध्यापक वाढले नाहीत. एकाच्या खोलीत दोघे राहू लागले. खोलीत इंटरनेट आलं तसे विंगेतले दरवाजे बंद व्हायला लागले. पवईला, आयआयटी मुंबईत, २००७ मध्ये रात्री अकरानंतर हॉस्टेलचं नेट बंद ठेवायची वेळ आली होती, कारण मुलं खोलीबाहेर निघेनात. आमच्या विंगेत रात्री एक वाजता मॅगी शिजायची आणि ज्याचा दरवाजा दोन दिवस उघडला नाही त्याच्या दारावर कोणीतरी थाप मारायचं. ही थाप गेली, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

पण ते कुटुंब होतं कोणाचं? आम्हा दोघींना लॅबमध्ये गटात घ्यायला कोणी तयार नसायचं. पहिल्याच दिवशी ‘रँक किती?’ विचारायचे, आणि रँकवरून आरक्षणातून आलास का ते काढायचे, म्हणजे तो जातीचाच प्रश्न होता हे सगळ्यांना माहीत होतं. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये लेखी सूचना काढली की एकमेकांना जेईईची रँक विचारणं योग्य नाही. वीस वर्षांपूर्वी अशी सूचना कोणाच्या मनातही आली नसती. मुलींसाठी २०१८ पासून जादा जागा निर्माण केल्या, तेव्हा मुलींचं प्रमाण १४ टक्के करायचं उद्दिष्ट होतं, २०२० ला ते २० टक्के झालं. माझी भाची आज तिथे शिकते. तिच्या हॉस्टेलमध्ये मराठीत भांडणाऱ्या मुली आहेत, आणि मला त्याचा किती आनंद होतो हे सांगता येणार नाही. प्रवेशाची पहिली परीक्षा, जेईई मेन, २०२१ पासून मराठीतही देता येते. त्यापुढची आयआयटीची परीक्षा, अ‍ॅडव्हान्स्ड, मात्र अजून फक्त हिंदी आणि इंग्रजीत, याची मला चीड आहे. पण तो वेगळा विषय.

बिघडलंय ते दुसरीकडे. आत येणारं मूल अठराव्या वर्षीच दमलेलं असतं. क्लाससाठी लातूर नाहीतर कोटा, दोन वर्षं हॉस्टेल, दर रविवारी टेस्ट, आणि मग आयआयटीत पाय ठेवल्यावर दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपची तयारी. श्वास घ्यायला सेमिस्टरच नाही. त्यात फी. सामान्य मुलासाठी ती २०१३ मध्ये वर्षाला ५० हजारांवरून ९० हजार झाली आणि २०१६ मध्ये दोन लाख. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफी आहे, एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाला पूर्ण आणि पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश. पण दोघे नोकरी करणारे प्राथमिक शिक्षक असतील तर ते या सगळ्याच्या बाहेर. अशा घरात एक वर्ष वाया जाणं म्हणजे काय, हे मेस आणि हॉस्टेलचा खर्च धरून बघा.

आणि खिडकी? ती आता पोर्टल झाली आहे. २०२१ मध्ये एका दलित मुलाची फी तांत्रिक अडचणीमुळे वेळेत भरली गेली नाही, म्हणून त्याची आयआयटी मुंबईतली जागा गेली. २०२४ मध्ये एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा साडेसतरा हजारांपायी, काही मिनिटांच्या उशिराने गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून प्रवेश द्यायला लावला. दोन्ही निकाल मी पुन्हा पुन्हा वाचले. एका तारखेसाठी देशातल्या सर्वोच्च कोर्टाला हलावं लागतं, हे वाचून अंगावर काटा येतो. आपण तिथवर जाऊ शकणार नाही, ताई. आपल्याला तारीख आधी गाठावी लागेल.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला कठोर वाटलं तरी: मुलाला घरी आणा, पण अर्ज दिल्याशिवाय कॅम्पसच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू देऊ नका. घरी आणावं की नाही यावर मी वाद घालणार नाही, आणा. फक्त निघण्याआधी त्याने संस्थेच्या दवाखान्यात जाऊन नाव नोंदवावं, केसपेपर काढावा. तो केसपेपर नव्हता म्हणून माझं सगळं अडलं. हल्ली सगळीकडे समुपदेशक असतात, त्यांच्याकडे एक भेट नोंदवलेली असावी. सरांना मेल करून लिहा की ‘आपण अमुक तारखेला सांगितल्याप्रमाणे मी घरी जात आहे’, आणि डीन व फॅकल्टी अ‍ॅडव्हायजरला, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, त्याची प्रत पाठवा. सर चांगले असतील तर हो म्हणून उत्तर देतील. मेलला उत्तर आलं नाही तर कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. आधीच काही अर्ज देऊन झाला असेल आणि त्याचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. आयआयटी केंद्राच्या अखत्यारीत येतात, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत अर्ज होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. हे शेवटी करा, पहिल्याच दिवशी नको, नाहीतर टेबलावरची माणसं बिथरतात.

मुलाला हे सगळं करायला लावू नका, त्याच्यात आत्ता ते बळ नाही. मेलचा मसुदा तुम्ही करा, पाठवायला त्याच्या शेजारी बसा. आणि ‘आमचे कष्ट’ हा शब्द या महिन्यात घरात कोणीही उच्चारू नका. माझ्या आईने तो उच्चारला नाही, म्हणून मी परत जाऊ शकले.

आज रात्री त्याच्या संस्थेचं शैक्षणिक कॅलेंडर उघडा. सेमिस्टर ड्रॉपची शेवटची तारीख कोणती आहे ते इथे लिहा, आणि सरांशी बोलणं नेमकं कोणत्या दिवशी झालं तेही. मी अकरापर्यंत जागी आहे, मेलचा मसुदा टाकलात तर वाचून देते.