सीआयओ : 'सूचना' नकोच, पण 'अधिकारी' हवाच

प्रश्न असा आहे : सीआयओ, म्हणजे कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञानाचा प्रमुख 'चीफ इन्फर्मेशन ऑफिसर', या पदाला मराठीत 'मुख्य सूचना अधिकारी' म्हणावं का? आणि त्याचं काम इतकं बदलल्यावर 'अधिकारी' हा शब्द अजून पुरतो का?

'सूचना' अजिबात नको. माहिती या अर्थाची 'सूचना' हिंदीतली. मराठीत सूचना देतात, पाळतात, फलकावर लावतात. तरी नेमणुकीच्या बातम्यांत 'मुख्य सूचना अधिकारी' पुन्हा पुन्हा छापून येतो आणि दर वेळी चीड येते. 'मुख्य माहिती अधिकारी' म्हणा, विषय संपला.

खरी गंमत 'अधिकारी'त आहे. 'ऑफिसर'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'ओपस' म्हणजे काम आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. तो नुसता काम करणारा. आपल्याकडे 'अधिकार' ही पाणिनीच्या व्याकरणातली संज्ञा आहे. 'प्रत्ययः' (३.१.१) हे एका शब्दाचं सूत्र पाहा. एकटं ते काहीच सिद्ध करत नाही, पण पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत त्याचा अंमल चालतो; पुढची सूत्रं त्याच्यासकट वाचायची. याला म्हणतात अधिकारसूत्र!

आता हे पद बघा. पूर्वी असायचा डेटा प्रोसेसिंग मॅनेजर. संगणकावर पगारपत्रकं आणि हिशेब चालायचे, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो वित्तप्रमुखाच्या हाताखाली. सीआयओ हे नाव १९८०च्या दशकात रुळलं. अमेरिकेत १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने ते केंद्रीय खात्यांना बंधनकारक झालं. आज ग्राहकाचा फोन नंबर विक्री विभागाने नोंदवला, तरी तो कुणाला दिसावा, किती दिवस ठेवावा, जाहिरातीला वापरावा का, हे ठरवताना सीआयओला विचारावं लागतं. स्वतः तो एकही वस्तू विकत नाही, पण प्रत्येक विभागाचं काम त्याच्यासकट वाचावं लागतं.

'अधिकारी'ला सरकारी वास येतो, 'व्यवस्थापक' करा, असं म्हणणारे परिभाषाकार इथेच साफ चुकतात. व्यवस्थापक आपल्या खात्यापुरता. त्या शब्दाने तुम्ही या माणसाला परत सर्व्हरच्या खोलीत बसवता.

आणखी एक सूत्र आहे, 'स्वरितेनाधिकारः' (१.३.११). अधिकार स्वरिताच्या, म्हणजे उच्चारातल्या एका विशिष्ट स्वराच्या, खुणेवरून ओळखायचा. पाठपरंपरेत त्या खुणा लोपल्या, म्हणून कुठला अधिकार कुठवर चालतो ते टीकाकारांना सांगावं लागतं. सायबर सुरक्षेला एक मुख्य अधिकारी, डेटाला दुसरा, अशा नेमणुका झाल्यापासून कंपन्यांच्या बैठकांतही नेमका हाच वाद रंगतो : याचा अधिकार कुठवर?