घरचं अळीव लाडवात जाण्याआधी

रब्बी जवळ आली की अळिवाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. यंदा एकदमच उत्तरं देतो.

किराणा दुकानातलं अळीव पेरलं तर चालेल का? (कराड)

उगवेल, पण त्याला वाण म्हणू नका.

‘हायब्रीड अळीव’ म्हणून महाग पुडी मिळते. घ्यावी का? (मिरज)

लेबलवर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख नसेल तर पुडी परत करा. अळिवाचं फूल केवढंसं, त्यात बहुतेक बी स्वतःच्याच परागावर धरतं. हाताने संकर करून ती पुडी त्या भावात कोण विकेल? पक्कं बिल मागा, मग बघा दुकानदार काय म्हणतो.

आजीपासूनचं बी घरात आहे. आता सुधारित वाण आणलंय. जुनं ठेवून काय उपयोग? (जत)

दरवर्षी कुणीतरी हे विचारतं, आणि उत्तर पोचेपर्यंत ते बी लाडवात गेलेलं असतं! अहो, नवं वाण जुन्यातूनच निघतं. कुठलं झाड लवकर फुलतं, कुठल्याला फांद्या जास्त, कुठल्याच्या शेंगा भरलेल्या, कुठल्याचा दाणा टपोरा. हे फरक आनुवंशिक असतील तरच निवडीला किंवा संकराला अर्थ. सारख्याला सारखं जोडून पुढची पिढीही तशीच निघणार. म्हणून जतच्या कोरड्या रानात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं बी मला नव्या पुडीपेक्षा मोलाचं वाटतं. आता ते खरंच वेगळं आहे का, हे नुसतं बघून ठरत नाही. बांधालगतचं झाड जागा आणि ऊन जास्त मिळाल्यानेही उंच होतं. जुनं-नवं एकाच रानात, एकाच दिवशी, आलटूनपालटून तीन-चार वेळा ओळींनी पेरा. त्यातलं बी मात्र जपणुकीत मिसळू नका. मधमाश्या थोडा पराग इकडचा तिकडे नेतातच. जपायचं बी वेगळ्या रानात घ्या, तेही एका देखण्या झाडाचं नाही, पुष्कळ झाडांचं. वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. गाव, वर्ष, कुणाकडून आलं ते लिहा. थोडं बी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. पिकांचं बी जपून ठेवणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत ते कसं द्यायचं आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवता येईल का, तेही विचारा. ‘पुढच्या हंगामात बघू’ नको.

सून गरोदर आहे, अळीव द्यावं का? (वाई)

बाळंतिणीला देतात म्हणून गरोदरपणीही चालतं, ही ऐकीव गोष्ट. तिच्या डॉक्टरांना विचारा. पेरणीचं औषध लावलेलं बी तर कुणीच खाऊ नये.

दोन एकर करावं का? (विटा)

आधी घेणारा व्यापारी शोधा आणि भाव लेखी घ्या. तोवर सहायक कृषी अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे कृषी सहायक) बोलून दहा गुंठ्यांवर थांबा.